वाट एकदाच विचारावी : मोबाइलच्या होम स्क्रीनवरील शॉर्टकट, एक अभ्यासपाठ

स्मरणिका म्हटली की आठवणी, सत्कार आणि संस्थेच्या वाटचालीचा आढावा यांची अपेक्षा असते. ते लेख या अंकात आहेतच. आम्ही मात्र येथे एक पाठ देत आहोत. विषय वरवर पाहता अगदी लहान आहे : मोबाइल फोनच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे होम स्क्रीनवर, आपापल्या गरजेचे शॉर्टकट स्वतः कसे तयार करावेत. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांनी हा पाठ फोन हाती घेऊनच वाचावा, अशी आमची विनंती आहे.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत आज मोबाइल नाही असे घर शोधावे लागेल. तथापि हाती फोन असणे आणि त्या फोनवर आपल्या कामाची जागा स्वतःला सापडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पालकसभेला येणारे कितीतरी पालक फोन पुढे करून विचारतात, “सर, ते शिष्यवृत्तीचं नेमकं कुठं असतं?” मागच्या वर्षी एकाने दाखविलेले असते, यंदा ते सापडत नाही. मग कोणी ओळखीच्या मुलाची वाट पाहतो, कोणी बाजारपेठेतील दुकानात पैसे मोजतो, तर कोणी गुगलवर काहीतरी लिहून जे पहिले दिसेल त्यावर बोट ठेवतो. फोन आपला, इंटरनेट आपल्या पैशाचे, माहिती शासनाने सर्वांसाठी खुली केलेली. आणि तरीही ती पाहण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. एकदा खात्री करून शोधलेली वाट पुन्हा कोणाला विचारावी लागू नये, एवढेच या पाठाचे सूत्र आहे.

१. शॉर्टकट म्हणजे काय?

आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्याने प्रथम आपल्याच भागातील उदाहरण घेतो. कोकणातून देशावर जाणारा बोरघाट खालापूर तालुक्याच्या अंगणात आहे. १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू झाला. परंतु मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि ही तुटलेली वाट सांधली गेली. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. या साऱ्या काळात पुणे जागचे हलले नाही. बदलली ती पुण्याला पोहोचण्याची वाट.

मोबाइलवरील शॉर्टकटचे तत्त्व हेच आहे. ज्या ठिकाणी जायचे ते ठिकाण तेथेच राहते. शॉर्टकट केवळ तेथे नेणारी जवळची वाट असते. ग्रंथालयातील सूचीपत्राचे कार्ड आठवावे. कार्डावर ग्रंथाचे नाव आणि कपाटाचा क्रमांक असतो. प्रत्यक्ष ग्रंथ कपाटात असतो. कार्ड फाटले म्हणून ग्रंथ नाहीसा होत नाही, आणि ग्रंथ दुसऱ्या कपाटात हलविला तर जुने कार्ड निरुपयोगी ठरते. शॉर्टकट काढून टाकला तर मूळ संकेतस्थळ, फाइल किंवा फोन क्रमांक पुसला जात नाही. आणि मूळ संकेतस्थळाचा पत्ता बदलला तर शॉर्टकट नव्याने करावा लागतो.

ही कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. संगणकावर ॲपल कंपनीने १९९१ मध्ये ‘एलियास’ या नावाने ती आणली आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ मुळे ‘शॉर्टकट’ हा शब्द घरोघर पोहोचला. त्या चित्राच्या कोपऱ्यात वळलेला लहानसा बाण असे. ही मूळ वस्तू नसून तिच्याकडे नेणारी खूण आहे, असे तो सांगे. आजच्या ॲन्ड्रॉइड फोनवरही संकेतस्थळाच्या शॉर्टकटच्या कोपऱ्यात बहुधा क्रोमचे छोटे चिन्ह दिसते. त्याचा अर्थ तोच.

२. शॉर्टकटचे चार प्रकार व कृती

सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो अशा निरनिराळ्या फोनांत शब्द आणि चिन्हे थोडी वेगळी असतात. फोनची भाषा मराठी असेल तर मराठी शब्द दिसतील, अन्यथा त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द दिसतील. कृतीचा क्रम मात्र साधारण सारखाच आहे.

पहिला प्रकार : संकेतस्थळाचा शॉर्टकट. क्रोम उघडून हवे ते संकेतस्थळ आणावे. त्याचा पत्ता तपासावा. तो कसा तपासावा हे पुढे सांगितले आहे. मग वरच्या कोपऱ्यातील उभ्या तीन टिंबांवर बोट ठेवावे. उघडलेल्या यादीत ‘होम स्क्रीनवर जोडा’ हा पर्याय असतो. तो निवडल्यावर काही फोन ‘इंस्टॉल करा’ आणि ‘शॉर्टकट तयार करा’ असे दोन पर्याय पुढे ठेवतात. त्यांपैकी दुसरा घ्यावा. यानंतर नाव लिहिण्याची चौकट येते. तेथे संकेतस्थळाचे लांबलचक इंग्रजी नाव आपोआप आलेले असते. ते पुसून आपल्या भाषेतील सोपे नाव लिहावे : ‘जमीन’, ‘शिष्यवृत्ती’, ‘दाखले’. मग ‘जोडा’ म्हणावे. आयफोनवर हेच काम सफारीतून होते. चौकोनातून वर जाणारा बाण हे शेअरचे चिन्ह आहे. त्याच्या यादीत ‘ॲड टु होम स्क्रीन’ हा पर्याय असतो.

दुसरा प्रकार : व्यक्तीचा किंवा क्रमांकाचा शॉर्टकट. होम स्क्रीनवरील मोकळ्या जागेवर बोट दाबून धरले की ‘विजेट’ हा पर्याय येतो. त्यात ‘संपर्क’ या गटात थेट फोन लावणारे लहान विजेट असते. ते पडद्यावर ओढून सोडावे आणि हवी ती व्यक्ती निवडावी. त्या संपर्काला छायाचित्र जोडलेले असेल तर पडद्यावर ते छायाचित्रच दिसते. काही फोनांत संपर्क उघडून, तीन टिंबांतूनही तो होम स्क्रीनवर आणता येतो. व्हॉट्सॲपवरील एखादे संभाषण वारंवार लागत असेल तर ॲन्ड्रॉइड फोनवर ते उघडून, तीन टिंबे, मग ‘आणखी’, मग ‘शॉर्टकट जोडा’ असा क्रम आहे. आयफोनधारकांनी ‘शॉर्टकट्स’ हे ॲप वापरावे. त्यात फोन लावण्याची कृती निवडून तिला नाव व चिन्ह देऊन ती पडद्यावर ठेवता येते.

तिसरा प्रकार : फाइलचा शॉर्टकट. गुगल ड्राइव्हमध्ये ठेवलेल्या एखाद्या कागदाच्या नावाशेजारील तीन टिंबांतून तो कागद होम स्क्रीनवर जोडता येतो. त्याच यादीत ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ हा पर्याय असतो. तो निवडल्यास इंटरनेट नसतानाही कागद उघडतो. खांडस-कशेळ्याच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाड्या-पाड्यांत नेट येते-जाते. तेथे या पर्यायाचे मोल अधिक आहे.

चौथा प्रकार : ॲपच्या पोटातील कामाचा शॉर्टकट. काही ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरले की एक छोटी यादी उघडते. कॅमेऱ्यावर धरल्यास ‘सेल्फी’, ‘व्हिडिओ’ असे पर्याय दिसतात. त्यांतील हवा तो पर्याय बोटाने ओढून पडद्यावर सोडला की त्याचे स्वतंत्र चिन्ह तयार होते. ही सोय ॲन्ड्रॉइडवर २०१६-१७ पासून आहे. पण ती आजही अनेकांना ठाऊक नाही.

दोन अडचणी हमखास येतात. सर्व काही बरोबर करूनही पडद्यावर चिन्ह उमटत नसेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप, मग क्रोम, मग परवानग्या अशा क्रमाने पाहावे. शाओमी, विवो, ओप्पो यांच्या अनेक फोनांत ‘होम स्क्रीन शॉर्टकट’ ही वेगळी परवानगी द्यावी लागते. आणि चिन्हे जागची हलतच नसतील, तर होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद केलेली असण्याचा संभव आहे. होम स्क्रीनच्या सेटिंग्जमधून ते कुलूप उघडावे.

शॉर्टकट काढायचा असल्यास त्यावर बोट दाबून धरून ‘काढा’ म्हणावे. ‘अनइंस्टॉल’ म्हणू नये. त्याने ॲपच फोनमधून जाते.

३. कोणत्या वाटा पडद्यावर असाव्यात?

शॉर्टकट कसा करावा हे दहा मिनिटांत शिकता येते. कशाचा करावा, हा खरा विचाराचा भाग आहे. आम्ही येथे पाच वाटा सुचवितो.

(अ) जमीन. या पाठातील सर्वांत महत्त्वाची वाट आम्ही हीच मानतो. द्रुतगती महामार्ग, शेजारच्या पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळ, पनवेल–कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाची उभारणी आणि फार्महाऊसची वाढती मागणी यांमुळे आपल्या भागातील गुंठ्या-गुंठ्याला भाव आला आहे. ज्यांचे आजोबा येथे राबले ती पिढी गेली. मुले अंबरनाथ, बदलापूर, मुंबई, पुणे येथे, काही परदेशात स्थिरावली. गावी असलेल्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर आज कोणाची नावे आहेत, बहिणींची नावे वारस म्हणून लागली आहेत काय, हे अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे पाहिलेले नसते.

आपल्या समाजाच्या जमिनीला इतिहास आहे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात होणारी गुलामी संपावी म्हणून. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावगाड्यातील कनिष्ठ वतने संपुष्टात आली. त्यानंतर ज्या जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा प्रदान झाल्या, त्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध घातले गेले. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले आढळते. या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक नसल्याने फसलेली माणसे महाराष्ट्रात सर्वत्र आहेत.

आज सातबारा ‘महाभूलेख’ या शासकीय संकेतस्थळावर केवळ पाहण्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेला, कामकाजास ग्राह्य उतारा १५ रुपये भरून मिळतो. याहून कमी लोकांना ठाऊक असलेली सोय म्हणजे ‘आपली चावडी’. गावातील जमिनीच्या व्यवहाराची वा वारसाची नोंद करण्यापूर्वी जी फेरफाराची नोटीस निघते, ती येथे जिल्हा, तालुका व गाव निवडून कोणालाही पाहता येते. त्या नोंदीस हरकत घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते. मुदत टळल्यावर नोंद मंजूर झाली की मग अपिले, तारखा आणि वकिलांचा खर्च. ज्याने या पानाचा शॉर्टकट पडद्यावर ठेवला आणि दर पंधरवड्यास एकदा आपले गाव उघडून पाहिले, त्याला आपल्या जमिनीची हालचाल वेळेत कळू शकते.

ज्या चावडीवर आपल्या पणजोबांना वतनी कामासाठी हजर राहावे लागे, दवंडी पिटावी लागे, पण कागदावर काय लिहिले हे वाचण्याची सोय नव्हती, त्या चावडीचा सूचनाफलक आज त्यांच्या पणतीच्या अंगठ्याखाली येऊ शकतो. आम्हांला या लहानशा चिन्हाचे महत्त्व वाटते ते यासाठी. एक व्यावहारिक सूचना : हा शॉर्टकट पहिल्या पानावरच नेतो, जिल्हा, तालुका, गाव दर वेळी निवडावे लागते. त्यामुळे आपला गट क्रमांक फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवावा.

(आ) शिष्यवृत्ती व दाखले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरच्या शिक्षणाची केंद्रीय शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज महाराष्ट्रात तिचा अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावा लागतो. अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे समजून विद्यार्थी निर्धास्त होतात. परंतु एखादा दाखला अस्पष्ट असला की अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि ते पाहिलेच नाही तर मुदत निघून जाते. म्हणून या संकेतस्थळाचा शॉर्टकट पडद्यावर असावा आणि अर्ज मंजूर होऊन रक्कम खात्यात येईपर्यंत आठवड्यातून एकदा तो उघडावा. जातवैधतेच्या अर्जासाठी बार्टीचे संकेतस्थळ आहे. अकरावी-बारावीत विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांनी ते आताच जोडून ठेवावे. ‘डिजिलॉकर’ हे शासनाचे ॲप २०१५ पासून आहे. त्यातील शासनाने दिलेले दाखले मूळ कागदाइतकेच ग्राह्य असतात आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकाही तेथे मिळतात. तेही पहिल्याच पडद्यावर असावे.

(इ) प्रवास. कर्जत–खोपोली शाखेवर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली अशी स्थानके आहेत. मुख्य मार्गाच्या तुलनेने येथे गाड्या कमी. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबावे लागते. रोज कारखान्यात किंवा महाविद्यालयात जाणाऱ्यांनी वेळापत्रकाचे चित्र फोनमध्ये ठेवून त्याचा शॉर्टकट करावा. ॲप उघडून स्थानक शोधण्यात जाणारा वेळ वाचतो आणि नेटही लागत नाही.

(ई) संकटसमयीचे क्रमांक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. भर पावसात, अंधारात, बचावपथकांना डोंगर पायी चढून वाडीवर पोहोचावे लागले. निसर्गाचा असा घाला फोनवरील चिन्हाने अडत नाही, हे स्पष्टच आहे. परंतु डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येक घराने घ्यावयाचा धडा असा की, संकटाच्या वेळी क्रमांक आठवत बसण्यास वेळ नसतो. ११२ (पोलीस व अन्य तातडीची मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष), १०९८ (मुलांसाठी मदत) आणि १९३० (ऑनलाइन आर्थिक फसवणूक) हे क्रमांक संपर्कांत मराठी नावांनी नोंदवून त्यांचे शॉर्टकट एका कप्प्यात ठेवावेत. एक चिन्ह दुसऱ्यावर ओढून सोडले की कप्पा तयार होतो. त्याला ‘मदत’ असे नाव द्यावे. या शॉर्टकटना इंटरनेट लागत नाही, फक्त फोनची रेंज लागते.

(उ) ग्रंथ. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे इंग्रजीतून खंडशः प्रकाशित केली. ते खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही विनामूल्य उपलब्ध आहेत. एखादा खंड उतरवून घ्यावा आणि त्याचा शॉर्टकट रील पाहण्याच्या ॲपच्या जागी ठेवावा. पडद्यावर जे समोर असते तेच हात आधी उघडतो, हा मनाचा स्वभाव आहे. म्हणून काय जवळ ठेवावे याबरोबरच काय लांब ठेवावे हेही ठरविले पाहिजे.

४. जवळची वाट नेहमी सुरक्षित असतेच असे नाही

खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा कर्जतकरांना परिचित आहेत. गणेश घाट लांबचा पण सोपा; शिडी घाट जवळचा पण अवघड. अनोळखी माणसाने कोणाला न विचारता दुसरी वाट धरली तर तो अडचणीत येतो. शॉर्टकटचेही तसेच आहे. चुकीच्या पत्त्याचा शॉर्टकट केला तर आपण दर वेळी, तेही मोठ्या विश्वासाने, चुकीच्याच ठिकाणी जाऊ. म्हणून पुढील नियम पाळावेत.

पहिला नियम : पत्ता शेवटाकडून वाचावा. राज्य व केंद्र शासनाच्या संकेतस्थळांचे पत्ते बहुतांशी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असे संपतात; उदाहरणार्थ, जमिनीच्या नोंदींचे मुख्य दालन ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असे आहे. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा शेवट पाहावा. तेथे ‘जीओव्ही डॉट इन’ नंतर आणखी एखादे टिंब आणि शब्द असेल, किंवा हे शब्द मध्येच कोठेतरी आडव्या रेघेने जोडलेले असतील, तर ते संकेतस्थळ शासनाचे नव्हे. अशोकस्तंभाचे चित्र कोणीही लावू शकतो. पत्त्याचा शेवट मात्र कोणालाही लावता येत नाही.

दुसरा नियम : गुगलवर सर्वांत वर येणारे सर्वच निकाल विश्वासार्ह नसतात. त्यांतील काही पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि तसे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आपण दर वेळी शोध घेतो, तेव्हा दर वेळी चुकण्याची शक्यता पत्करतो. एकदाच नीट शोधून शॉर्टकट केला की ही जोखीम उरत नाही.

तिसरा नियम : शॉर्टकट कोणाकडून घ्यायचा नसतो, तो स्वतः करायचा असतो. व्हॉट्सॲपवर ‘योजनेचे ॲप’, ‘चलनाची पावती’, ‘लग्नाची पत्रिका’ अशा नावाने एखादी फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असली, तर ती उघडू नये. मग ती नातेवाइकाकडून आलेली का असेना. अशा फाइलमधून फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच संकोच न करता १९३० वर फोन करावा; जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम थोपविण्याची शक्यता अधिक.

चौथा नियम : घरात एकच फोन सर्वजण वापरत असतील, तर काम संपल्यावर संकेतस्थळातून बाहेर पडावे, म्हणजे ‘लॉगआउट’ करावे. शॉर्टकटमध्ये पासवर्ड नसतो, पण क्रोमने तो लक्षात ठेवलेला असू शकतो. बँकेचे व पैशांच्या व्यवहाराचे ॲप मुलांच्या हाताखालील पहिल्या पडद्यावर ठेवू नये. दुकानातील संगणकावर अर्ज भरल्यास तेथे आपला पासवर्ड जतन होऊ देऊ नये.

पाचवा नियम : वर्षातून एकदा पडदा तपासावा. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. शॉर्टकट उघडत नसेल तर तो काढून नव्याने करावा. नवा फोन घेतल्यावर जुने शॉर्टकट सोबत येतीलच असे नाही. म्हणून महत्त्वाचे पत्ते वहीत लिहिलेले असावेत.

५. अक्षर न येणाऱ्यांसाठी

हा पाठ वाचता येणाऱ्यांसाठी आहे. परंतु त्याचा सर्वाधिक लाभ वाचता न येणाऱ्यांना होऊ शकतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची आजी गावी असते. तिला नातवाशी बोलायचे असते. पण संपर्कांच्या यादीतील नावे तिला वाचता येत नाहीत आणि फोन लावून देणारे कोणी घरी नसते. त्या आजीच्या फोनवर वसतिगृहाच्या अधीक्षकांचा क्रमांक नोंदवून त्यास शाळेच्या इमारतीचे छायाचित्र जोडावे, मुलाच्या क्रमांकास मुलाचे, आशाताईंच्या क्रमांकास आशाताईंचे. मग त्या तिन्हींचे थेट फोन लावणारे शॉर्टकट पहिल्या पडद्यावर मोठे करून ठेवावेत. बाकीची चिन्हे मागच्या पडद्यावर न्यावीत. आजी चेहरा ओळखते. तिला अक्षराची अट राहत नाही.

येथे एक पथ्य पाळावे. वडीलधाऱ्यांच्या फोनची मांडणी त्यांना न विचारता बदलू नये. कोणते चित्र कोठे हवे हे त्यांनाच विचारावे, त्यांच्याच बोटाने ते करून घ्यावे आणि निदान तीनदा त्यांच्याकडून फोन लावून घ्यावा. आपण करून दिलेली गोष्ट चार दिवसांत विसरली जाते. त्यांनी केलेली राहते. वर्गात चाळीस विद्यार्थ्यांना शिकवताना जे सत्य आहे, तेच घरातील आजीलाही लागू आहे.

६. स्वाध्याय

पुढील कृती विद्यार्थी व पालकांनी सुटीत एकत्र बसून कराव्यात.

(१) ‘आपली चावडी’ उघडून आपले गाव निवडा. या आठवड्यात कोणत्या गट क्रमांकांच्या फेरफार नोटिसा लागल्या आहेत, त्या वाचा. त्या पानाचा ‘चावडी’ या नावाने शॉर्टकट करा.

(२) आपल्या कुटुंबाच्या जमिनीचा सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग कोणता आहे? वारसांची सर्व नावे, मुलींसह, आहेत काय? उत्तर वहीत लिहा.

(३) ‘मदत’ नावाचा कप्पा तयार करून त्यात वर दिलेले पाच क्रमांक ठेवा.

(४) घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या फोनवर, तिच्या इच्छेने, तीन छायाचित्रांचे शॉर्टकट करा.

(५) आपल्या पहिल्या पडद्यावरील सर्व चिन्हे मोजा. त्यांपैकी किती आपण स्वतः निवडलेली आहेत आणि किती फोन विकणाऱ्या कंपनीने ठेवलेली आहेत?

पाचवा प्रश्न सर्वांत सोपा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधताना थोडे थांबावे. फोन विकत घेतो तेव्हा त्याचा पहिला पडदा दुसऱ्याने मांडून दिलेला असतो. काय प्रथम दिसावे, काय मागे राहावे, हे दुसऱ्याने ठरविलेले असते. तो पडदा आपल्या गरजेनुसार पुन्हा मांडता येतो, आणि त्यासाठी ना पैसे लागतात ना कोणाची परवानगी.

माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपण गावी जाल तेव्हा एक दुपार राखून ठेवावी आणि वाडीतील चार घरांत हा पाठ करून दाखवावा. स्वतः दहा शॉर्टकट करून देण्यापेक्षा एकाला एक शॉर्टकट करायला शिकवावे. ज्याला एक करता आला, त्याला अकरावा करण्यासाठी आपली वाट पाहावी लागणार नाही.

जयभीम.